सुजलेल्या सांध्यातील रक्तवाहिन्यांचे रान

रक्ताभिसरण सुधारले की सांधे दुखायचे थांबतात, असे सांगून चुंबकाचे पट्टे आणि तांब्याची कडी सर्रास विकली जातात. दुखऱ्या सांध्याला रक्त कमी पडते, हे त्यामागचे गृहीतक. रुमॅटॉइड संधिवातात मात्र वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. या विकाराने सुजलेल्या सांध्याच्या अस्तरात नव्या रक्तवाहिन्यांचे दाट जाळे पसरलेले असते आणि आजार टिकवून धरण्यात त्या जाळ्याचा मोठा वाटा असतो.

वयोमानाप्रमाणे सांधे झिजून होणारा विकार वेगळा. रुमॅटॉइड संधिवातात रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते आणि सायनोव्हियम, म्हणजे सांध्याचे आतले अस्तर, तिच्या तडाख्यात सापडते. निरोगी सांध्यात या अस्तराच्या पृष्ठभागावर पेशींचे जेमतेम एक ते तीन थर असतात. आजारात थर वाढत जातात, खाली दाहक पेशींची गर्दी होते आणि पॅनस नावाची जाड वाढ तयार होऊन कूर्चा व हाडाच्या कडा पोखरू लागते. केशवाहिनीपासून सुमारे १०० ते २०० मायक्रोमीटरच्या पलीकडे पेशींना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. त्यामुळे अस्तर जाड होताच त्यातील कित्येक पेशी गुदमरू लागतात. साचलेल्या द्रवाचा दाब बारीक वाहिन्यांवर पडतो, त्याने तुटवड्यात भरच पडते.

ऑक्सिजन कमी पडतो आहे हे पेशीला कळते कसे, हा या विषयातला मला सर्वांत देखणा वाटणारा भाग आहे. पेशी एचआयएफ-१ अल्फा नावाचे प्रथिन सतत बनवते आणि सतत नष्टही करते. ऑक्सिजन मुबलक असताना काही विकरे त्याच ऑक्सिजनचा वापर करून या प्रथिनातील प्रोलीन या अमिनो आम्लाच्या ठरावीक जागांवर हायड्रॉक्सिल गट जोडतात; ती खूण व्हीएचएल हे दुसरे प्रथिन ओळखते आणि एचआयएफ-१ अल्फाची रवानगी पेशीतील प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेकडे होते. हे सारे काही मिनिटांत उरकते. ऑक्सिजन घटला की खूण उमटत नाही, प्रथिन वाचते, केंद्रकात शिरते, जोडीदार प्रथिनाशी जुळते आणि अनेक जनुके चालू करते. म्हणजे येथे धोक्याची सूचना नव्याने तयार करावी लागत नाही, ती फक्त पुसायची थांबते. या यंत्रणेच्या उलगड्यासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. संधिवाती सांध्यात टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ हे दाहक संदेशवाहकही एचआयएफची पातळी वाढवतात, त्यामुळे एकाच कळीवर दोन बोटे पडतात.

चालू होणाऱ्या जनुकांपैकी एक व्हीईजीएफ या प्रथिनाचे. हे प्रथिन जवळच्या वाहिनीच्या आतील अस्तरपेशींपर्यंत पोचते, तेव्हा एरवी वर्षानुवर्षे विभाजन न करणाऱ्या त्या पेशी जाग्या होतात. एक पेशी पुढारपण घेते आणि सूक्ष्म तंतू पसरून व्हीईजीएफ जिकडे जास्त तिकडे सरकते; त्याच वेळी नॉच या संदेशमार्गाने ती शेजारणींना पुढारी होण्यापासून रोखते. मग शेजारच्या पेशी मागे राहून विभाजित होतात आणि फुटव्याची पोकळ नळी बनते. वाट काढण्यासाठी भोवतालचा प्रथिनांचा पडदा विरघळवणारी विकरे आधीच कामाला लागलेली असतात.

इतक्या वाहिन्या फुटल्यावर ऑक्सिजनची टंचाई संपायला हवी, पण ती संपत नाही. नव्या वाहिन्या बहुधा कच्च्या राहतात, त्यांना आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी पुरेशा नसतात आणि भिंती गळक्या असतात. व्हीईजीएफ स्वतःच वाहिन्या झिरपत्या करते. १९८३ मध्ये त्याचे पहिले वर्णन याच गुणावरून झाले होते. रक्तातला द्रव बाहेर येऊन सूज वाढते. शिवाय या वाहिन्यांच्या आतील पृष्ठभागावर श्वेतपेशींना पकडून ठेवणारे रेणू उगवलेले असतात, त्यांना धरून नव्या दाहक पेशी सांध्यात उतरतात, त्या आणखी ऑक्सिजन वापरतात आणि एचआयएफ पुन्हा पुसायचा राहतो.

कर्करोगाची गाठ नव्या रक्तवाहिन्यांवर जगते, ही कल्पना ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली आणि २००४ मध्ये व्हीईजीएफला निष्प्रभ करणारे बेव्हॅसिझुमॅब कर्करोगासाठी मंजूर झाले. प्राण्यांमधील संधिवातावर व्हीईजीएफ रोखण्याचा उपयोग दिसला आहे. माणसांच्या संधिवातावर मात्र असे औषध रूढ झालेले नाही. जखमा भरण्यासाठीही नव्या वाहिन्या लागतात आणि व्हीईजीएफ रोखल्यावर रक्तदाब वाढणे, रक्तस्राव होणे असे धोके असतात. दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात ते परवडत नाहीत. म्हणून ‘वाहिन्या तोडा, संधिवात संपवा’ अशा बातम्यांकडेही चुंबकाच्या पट्ट्याइतक्याच संशयाने पाहावे. प्रत्यक्षात टीएनएफ रोखणारी औषधे दिल्यावर रुग्णांच्या रक्तातील व्हीईजीएफही घटते, असे आढळले आहे. म्हणजे मूळ दाह आवरला की वाहिन्यांची मागणीही काही अंशी ओसरते. ती खरोखर ओसरली का, हे पॉवर डॉप्लर सोनोग्राफीत अस्तरातील रक्तप्रवाहावरून तपासता येते, आणि रुग्णाला बरे वाटत असूनही तेथे प्रवाह दिसत राहिला, तर आजार पुन्हा उसळण्याची शक्यता अधिक मानली जाते.