ॲव्हरेजइफ्स की ॲरेवालं मीडियन? दवाखान्याच्या शीटमध्ये कुठे काय लावायचं

दापोली-गुहागरकडच्या छोट्या दवाखान्यात एक्सेलची शीट ठेवली असेल तर त्यात साधारण हेच कॉलम असतात, तारीख, गाव, तक्रार, नंबर कधी लावला, डॉक्टरांनी कधी तपासलं, आणि त्यावरून थांबायची मिनिटं. मग प्रश्न येतो की हर्णैच्या पेशंटला किती थांबावं लागतं, ॲव्हरेजइफ्स (अटीत बसणाऱ्या ओळींचीच सरासरी) लावू की मीडियनमध्ये (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येतो तो) इफ घालून ॲरे फॉर्म्युला करू, दोन्ही एकच ना? नाही, अट दोन्हीकडे तीच असते म्हणून सारखे वाटतात एवढंच.

ॲव्हरेजइफ्समध्ये अट फंक्शनच्या आतच बसवलेली आहे. काउंटइफ्स, समइफ्स पण तसेच, तिघेही एक्सेल 2007 पासून आहेत. रिकामा मिनिटांचा सेल ॲव्हरेजइफ्स आपणहून सोडून देतं, आणि तक्रारीत "ताप, खोकला" असं एकत्र लिहिलं असलं तरी अटीत ताप शब्दाच्या दोन्ही बाजूंना स्टार (*) टाकला की सापडतं. नुसती मोजणी, बेरीज, सरासरी हवी असेल तर ॲरेच्या वाटेला जायचं कारणच नाही.

पण मीडियनइफ्स नावाचं फंक्शन एक्सेलमध्ये नाहीच. म्हणून मीडियनच्या कंसात इफ घालायचं, ते एकेक ओळ बघतं, गाव हर्णै असेल तर मिनिटं देतं नाहीतर फॉल्स (म्हणजे "अट जुळली नाही"), आणि मीडियन ते फॉल्स मोजत नाही. अशी आख्खी यादी एकदम हाताळणं म्हणजेच ॲरे फॉर्म्युला.

एवढा खटाटोप कशाला? समजा पाच जण 10, 12, 15, 18 आणि 145 मिनिटं थांबले, हा 145 वाला सकाळी नंबर लावून बाजार उरकायला गेला होता. सरासरी येते 40, मीडियन 15. दवाखान्यात बसलेल्या माणसाला विचारा, तो पंधराच सांगेल, चाळीस मिनिटं तर कोणीच थांबलं नाही! गणपतीत चाकरमानी आले की गर्दी वाढते, तेव्हा जास्तीचा माणूस ठेवायचा का हे त्या 40 वरून ठरवू नका प्लीज.

आता खरी खबरदारी. गाव हर्णै आहे पण मिनिटं भरलीच नाहीत, तर इफ तो रिकामा सेल शून्य म्हणून पुढे ढकलतं. वरच्या यादीत असे दोन रिकामे आले की मीडियन 15 चं 12 होतं, एरर काहीच येत नाही, आकडा गुपचूप बदलतो, म्हणून "मिनिटं रिकामी नकोत" ही दुसरी अट आत घालाच. ती जोडताना अँड फंक्शन वापरू नका, ते सगळ्या ओळींचं मिळून एकच उत्तर देतं, त्याऐवजी दोन अटींचा गुणाकार करा किंवा इफच्या आत इफ. स्टारची युक्ती इफच्या अटीत चालत नाही, ताप शोधायला सर्च (शब्द सेलमध्ये कुठे आहे ते सांगतं) आणि इजनंबर (उत्तर आकडा आहे का ते बघतं) लागतं.

एक्सेल 2019 किंवा त्याआधीचं असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबायचं, महिरपी कंस आपोआप येतात, हाताने टाईप करायचे नाहीत. 2021 आणि 365 मध्ये नुसतं एंटर पुरतं. आणि शीट कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवून मदत मागणार असाल तर आधी पेशंटचं नाव, फोन हे कॉलम उडवा, या हिशोबाला ते लागतच नाहीत.