टर्मिनलचं पीएचपी वेगळं, अपाचेचं वेगळं

विंडोजवर अपाचे हा वेब सर्व्हर लावून पीएचपी शिकणारे एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. टर्मिनलमध्ये 'पीएचपी -एम' दिलं की यादीत मायएसक्यूएलआय (डेटाबेसशी जोडणारं एक्सटेन्शन, म्हणजे पीएचपीचा जोडभाग) दिसतं, मग ब्राउझरमध्ये 'कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन मायएसक्यूएलआय_कनेक्ट' का येतं? आणि कुणीतरी हमखास सांगतं, "काढून पुन्हा इन्स्टॉल कर." हा सल्ला ऐकला की डोकं फिरतं. अशाने बऱ्याचदा जुनं पीएचपी तसंच राहतं, शेजारी नवीन येतं आणि गोंधळ वाढतो.

टर्मिनलमध्ये चालते ती पीएचपी डॉट ईएक्सई. पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्राम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, जी आधी सापडेल ती. ती तुम्हाला माहीतच आहे. अपाचे मात्र त्या फाइलला हातही लावत नाही. मॉड्यूल म्हणून जोडलेलं पीएचपी एका डीएलएल फाइलमधून (दुसऱ्या प्रोग्रामने वापरायच्या लायब्ररीतून) येतं आणि एचटीटीपीडी डॉट ईएक्सई या प्रोसेसच्या पोटात चालतं. ती डीएलएल कुठली, हे अपाचेच्या कॉन्फिग फाइलमधली लोडमॉड्यूलची ओळ ठरवते. पाथमधलं पीएचपी ८.३ चं आणि ती ओळ झॅम्पच्या (अपाचे-पीएचपीचा तयार संच) फोल्डरमधल्या ८.१ कडे बोट दाखवणारी, असं असेल तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

बाकीचे फरक किरकोळ. टर्मिनलमध्ये वेळेची मर्यादा नसते, वेबवर ती मुळात ३० सेकंदांची. टर्मिनलमध्ये चुका आपोआप पडद्यावर येतात, वेबवर सेटिंगप्रमाणे. यावरून कुणी अडकून बसत नाही.

लोक अडकतात ते पीएचपी डॉट आयएनआय या सेटिंग्जच्या फाइलपाशी. टर्मिनलचं आणि अपाचेचं पीएचपी ही फाइल आपापल्या परीने शोधतात. तुम्ही उघडून बदललेली फाइल तिसरीच असू शकते. म्हणून काही बदलण्याआधी दोघांना वेगवेगळं विचारा. टर्मिनलला 'पीएचपी --आयएनआय' देऊन, आणि अपाचेला पीएचपीइन्फो() लिहिलेलं पान ब्राउझरमध्ये उघडून. पीएचपीइन्फो टर्मिनलमध्ये चालवून "बघा, बरोबर आहे" म्हणणारे भेटतात. त्यांनी त्याच पीएचपीला दुसऱ्यांदा विचारलेलं असतं.

त्या पानावर सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी असतात. वरची 'कॉन्फिगरेशन फाइल पाथ', खालची 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल'. वरच्या ओळीत काही वेळा नुसतं विंडोजचं फोल्डर दिसतं आणि लोक तिथे फाइल शोधत बसतात. वाचायची ती खालची. तिथे 'नन' असेल तर अपाचेच्या पीएचपीला आयएनआय मिळालेलीच नाही. झिपमधून काढलेल्या पीएचपीत ती नसतेच, फक्त डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन असे दोन नमुने असतात. डेव्हलपमेंटवाल्याची प्रत करून तिला पीएचपी डॉट आयएनआय असं नाव द्यायचं. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट (फाइल एक्सटेन्शन) लपवत असेल तर त्या नावामागे गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटलेलं असतं, तेही तपासा. अपाचेच्या कॉन्फिगमध्ये पीएचपीआयएनआयडिर ही ओळ लिहून त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता देणं मला सगळ्यात आवडतं, कारण मग शोधाशोधच उरत नाही.

रीस्टार्टचंही तेच. टर्मिनलचं पीएचपी दर वेळी आयएनआय नव्याने वाचतं. अपाचे ती सुरू होताना एकदाच वाचतं. ब्राउझर कितीही रिफ्रेश केला तरी बदल दिसणार नाही, अपाचेच बंद करून चालू करायला हवं.

एवढं सगळं जुळलं, आयएनआयही एकच, तरी इन्टल (भाषांनुसार तारखा-आकडे मांडणारं) किंवा कर्ल (दुसऱ्या साइटशी बोलणारं) एक्सटेन्शन टर्मिनलमध्ये चालतं आणि अपाचेत नाही, अशी वेळ येते. इथे अनुभवीसुद्धा चकतात. या एक्सटेन्शनना आणखी डीएलएल लागतात. इन्टलला आयसीयू या भाषाविषयक लायब्ररीच्या, कर्लला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या. विंडोज त्या आधी शोधतं चालू प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये. टर्मिनलमध्ये तो प्रोग्राम पीएचपीच्याच फोल्डरात असतो, म्हणून लगेच सापडतात. अपाचेत प्रोग्राम एचटीटीपीडी, त्याचं फोल्डर अपाचेचं बिन, आणि तिथे त्या नसू शकतात. उपाय म्हणजे पीएचपीचं फोल्डर सिस्टिमच्या पाथमध्ये घालणं. यूझरच्या पाथमध्ये घालून भागत नाही, कारण सर्व्हिस म्हणून चालणारं अपाचे सहसा तुमच्या खात्यातून चालत नाही. त्यानंतर मशीन एकदा रीस्टार्ट करा. त्या डीएलएल उचलून अपाचेच्या बिनमध्ये टाकायचा सल्लाही फिरतो. तसं करू नका. पीएचपी अपडेट केलं की जुन्या डीएलएल तिथेच राहतात आणि पुढचा बिघाड शोधणं आणखी जड जातं.

उबुंटूवर हा घोळ निदान उघड दिसतो. आवृत्तीच्या फोल्डरात सीएलआय (टर्मिनलचं) आणि अपाचे२ अशी दोन वेगळी फोल्डरं, प्रत्येकात आपली आयएनआय.

नुसतं शिकायचं असेल तर अपाचेच्या वाटेला जाऊच नये असं माझं ठाम मत आहे. पीएचपी ५.४ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'पीएचपी -एस' (एस कॅपिटल) आणि पुढे पत्ता व पोर्ट दिलं की छोटा सर्व्हर सुरू होतो, आणि तो टर्मिनलच्याच ईएक्सईतून चालतो. तो एचटीअ‍ॅक्सेस ही अपाचेची सेटिंग्जची फाइल वाचत नाही आणि खऱ्या साइटसाठी बनवलेलाही नाही, पण सरावाला पुरतो.

अपाचेच हवं असेल, तर कोड चाळण्याआधी त्याचा एरर लॉग उघडा. एक्सटेन्शन चढवता आलं नसेल तर सुरुवातीलाच 'अनएबल टू लोड डायनॅमिक लायब्ररी' अशी ओळ असते, आणि तिच्यातच पत्ताही. तो पत्ता ओळखीचा नसेल, तर अपाचेचं पीएचपी भलत्याच फोल्डरात बघतंय.