भाज्या घालून परतलेला खिमा

भाज्या घालून परतलेला खिमा : बोकडाचा किंवा कोंबडीचा खिमा मोठ्या आचेवर कोरडा परतून त्यात बारीक चिरलेल्या भाज्या करकरीत राहतील इतपतच शिजवलेला पदार्थ. ठाणे आणि नवी मुंबईतील मांसाहारी मराठी घरांत तो मुख्यतः आठवड्याच्या मधल्या दिवसांचा, रात्रीच्या जेवणाचा आहे. रविवार मटणाच्या रश्श्याचा. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत पाळले जातात, काही ठिकाणी मंगळवारही. त्यात संकष्टी किंवा एकादशी आली की तोही दिवस गेला. उरतात बुधवार आणि शुक्रवार, आणि त्या दिवशी माणूस ठाण्याला किंवा नेरूळला गाडीतून उतरतो तेव्हा आठ-साडेआठ झालेले असतात. त्यानंतर तासाभराच्या आत ताट वाढायचे असेल, तर वाटण-रस्सा जमत नाही. परतलेला खिमा जमतो.

खिमा लवकर शिजतो, कारण चिवटपणा आणणारे स्नायूंचे लांब धागे आणि त्यांना बांधणारे आवरण आधीच तुटलेले असते. बोकडाच्या मटणाच्या तुकड्यांना उघड्या भांड्यात तासभर किंवा अधिक लागतो. त्याच मटणाच्या खिम्याला वीस-पंचवीस मिनिटे आणि कोंबडीच्या खिम्याला दहा-बारा मिनिटे पुरतात. मात्र लवकर शिजणे आणि चांगला परतला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या पदार्थात सगळे अवलंबून असते ते पाण्यावर. खिम्यातून पाणी सुटते, भाज्यांतून सुटते, धुतलेल्या खिम्यात तर आधीच साचलेले असते. कढईत पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, आणि मांसाला तांबूस रंग व खमंगपणा देणारी मेयार अभिक्रिया (फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मेयार यांनी १९१२ मध्ये वर्णिलेली) साधारण १४० अंशांच्या आसपास जोर धरते. म्हणजे पाणी आटेपर्यंत खिमा परतला जात नाही, उकडला जातो. घरचा खिमा राखाडी आणि पाणचट होण्यामागे मसाल्याची चूक क्वचितच असते.

म्हणून सुरुवात दुकानातून करावी. खाटकाकडे खिमा दोन तऱ्हेने मिळतो : मशीनचा बारीक आणि ठोकळ्यावर सुऱ्याने हाताने केलेला जाडसर. परतण्यासाठी जाडसर बरा; बारीक खिमा लगदा होतो आणि त्याच्या गुठळ्या बसतात. रान (मागची मांडी) किंवा खांद्याचे मटण सांगून त्यात थोडी चरबी ठेवायला सांगावी, कारण निव्वळ लाल खिमा कोरडा आणि कणीदार लागतो. खिमा धुवावा की नाही, यावर घराघरांत मतभेद आहेत. अन्नसुरक्षेच्या दृष्टीने कच्चे मांस नळाखाली धुण्याने जंतू मरत नाहीत, उलट शिंतोड्यांनी ओट्यावर पसरतात. ज्यांना धुतल्याशिवाय समाधान वाटत नाही त्यांनी तुकडा धुऊन, पुसून मग खिमा करून घेणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. आधीच केलेला खिमा चाळणीत धुतला, तर पुढची दहा मिनिटे ते पाणी आटवण्यात जातात. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने इथे मोठ्या जनावराचा म्हणून मिळणारा खिमा म्हशी-रेड्याचा असतो. तो शिजायला जास्त वेळ घेतो.

चार माणसांना अर्धा किलो खिमा आणि जवळपास तेवढ्याच भाज्या पुरतात. शिजताना खिमा आकसून वजनाने साधारण चौथ्या हिश्श्याने घटतो, ती तूट भाज्या भरून काढतात. महिनाअखेरीस हे प्रमाण भाज्यांच्या बाजूने सरकते, तेही चालते. फरसबी, गाजर, सिमला मिरची, कोबी, पातीचा कांदा या नेहमीच्या. थंडीत ताजा मटार आणि मेथी. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा स्टेशनबाहेर, तर नवी मुंबईत सेक्टरच्या बाजारात या भाज्या संध्याकाळी सहज मिळतात. वाशीचे घाऊक मार्केट जवळ असल्याने नाशिक-पुण्याकडचा माल इथे पहाटेच उतरलेला असतो. टोमॅटो मात्र बेतानेच घालावा. खरे तर या पदार्थात त्याचे काही काम नाही.

कढई लोखंडी आणि पसरट असावी. ती धूर येईपर्यंत तापवून दोन चमचे तेल घालावे, आणि खिमा एकदम न टाकता दोन हप्त्यांत, थर पातळ राहील असा पसरावा. घरच्या शेगडीची आच हॉटेलच्या भट्टीच्या मानाने फारच कमी असते. अर्धा किलो गार खिमा एका वेळी पडला की कढई थंड होते आणि पाणी सुटत राहते. पहिली दोन मिनिटे हलवू नये, खालची बाजू तांबूस होऊ द्यावी. मग कालथ्याने किंवा पावभाजीच्या मॅशरने गुठळ्या फोडाव्यात. मीठ गुठळ्या फुटल्यावरच. कच्च्या खिम्याला मीठ लावून ठेवले तर मांसातील प्रथिने सुटून चिकट होतात. कबाबाला ते हवे असते, इथे नको. पाण्याचा बुडबुड आवाज थांबून तेलाचा चरचर आवाज सुरू झाला की खिमा तयार, हे न बघताही कळते. बोकडाचा खिमा या टप्प्यावर चावून पाहावा. कच्चा किंवा चिवट वाटला तर पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून शिजवावा आणि पुन्हा कोरडा करावा. कुकरच्या दोन शिट्ट्या हा सोपा उपाय असला, तरी त्यानंतर तेवढेच पाणी आटवायचे असते.

खिमा बाजूला काढून त्याच कढईत आले-लसूण, हिरवी मिरची आणि उभा चिरलेला कांदा परततात, मग कडक भाज्या आधी आणि मऊ नंतर : फरसबी-गाजर, दोन-तीन मिनिटांनी सिमला मिरची आणि कोबी. झाकण ठेवायचे नाही. शेवटी खिमा परत घालून मसाला, लिंबू, कोथिंबीर.

मसाला कोणता, यावर घर ओळखता येते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत उन्हाळ्यात करून ठेवलेला घरचा मसाला आणि मिरची-कोथिंबीर-लसणाचे हिरवे वाटण पडते, सोबत तांदळाची भाकरी असते. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत खिमा-मटार मुरलेला आहे. तिथे गरम मसाला सौम्य असतो आणि खिमा उरलाच तर त्याचे पॅटिस होतात. खिम्यात अंडी फोडून घोटले की मुंबईचा खिमा घोटाळा होतो, तो पावाबरोबरच खावा. तरुण मंडळी सोया सॉस आणि शेजवान चटणी घालतात. नाक्यावरच्या चायनीज गाडीची ही शिकवण. सोया सॉस खारट असल्याने तेव्हा मीठ निम्मे करावे लागते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

परतण्याची ही रीत मूळ चिनी स्वयंपाकातली म्हणून ओळखली जाते आणि खिमा-भाजीची जोडी तिथेही जुनी आहे. सिचुआन प्रांतात फरसबी सुरकुत्या पडेपर्यंत कोरडी परतून तिच्यात डुकराचा थोडासा खिमा घालतात. तिथे मांस हा भाजीचा मसाला असतो. थायलंडमध्ये खिमा, लसूण, मिरची आणि तुळशीच्या जातीची पाने मोठ्या आचेवर परतून भातावर वाढतात, वर तळलेले अंडे. आपल्याकडचा पदार्थ या दोन्हींपेक्षा जास्त शिजवलेला आणि जास्त मसालेदार असतो. चपातीबरोबर खायचे म्हटल्यावर तसाच हवा.

खिमा इतर मांसापेक्षा लवकर खराब होतो. अखंड तुकड्यात जंतू बहुतांशी पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून तो आतून पूर्ण शिजला पाहिजे : बोकडाचा ७१ आणि कोंबडीचा ७४ अंश सेल्सिअसपर्यंत. कोरडा परतलेला खिमा या मर्यादा सहज ओलांडतो. कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक-दोन दिवसच ठेवावा. फ्रीझरमध्ये ठेवायचा तर गोळा न करता पिशवीत थापून, पापडाएवढा नाही तरी भाकरीएवढा पातळ करून ठेवावा. सकाळी खालच्या कप्प्यात उतरवला की संध्याकाळपर्यंत सुटतो. ओट्यावर दिवसभर ठेवून वितळवणे मुंबईच्या दमट हवेत धोक्याचे.

श्रावणात हीच कृती सोयाच्या चुऱ्यावर होते. चुरा गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून मुठीत घट्ट पिळायचा, पुन्हा धुऊन पुन्हा पिळायचा, म्हणजे त्याचा उग्र वास जातो. त्यात स्वतःची चरबी नसल्याने तेल दुप्पट लागते, आणि खिम्याची चव येते असा दावा करण्यापेक्षा तो एक वेगळा पदार्थ म्हणून खाणे बरे.