दुर्रीच्या जोडीची किंमत कशी ठरते

टेक्सास होल्डेम पोकरमध्ये सुरुवातीला प्रत्येकाच्या हाती दोन पाने येतात. बावन्न पानांतून अशा 1,326 वेगवेगळ्या जोडगोळ्या निघतात. त्यांतल्या 78 मध्ये दोन्ही पाने एकाच आकड्याची असतात, ज्यांना पॉकेट पेअर म्हणतात; म्हणजे सरासरी सतरा डावांत एकदा. दुर्रीपासून छक्कीपर्यंतच्या छोट्या जोड्या त्यांतल्या फक्त 30. चाळीसेक डाव मुकाट टाकून दिल्यावर अशी जोडी हाती येते, त्यामुळे नवख्याला ती सोडवत नाही. इतरांची जोडी अजून लागायची आहे, आपली तर लागलेलीच आहे, असे त्याला वाटते.

हे वाटणे फ्लॉपपर्यंतच टिकते. फ्लॉप म्हणजे टेबलावर उघडी पडणारी पहिली तीन सामायिक पाने. हाती छक्क्या असतील तर या तिघांत सत्ती किंवा तिच्या वरचे एकही पान न येण्याची शक्यता जेमतेम 4.2 टक्के आहे. बाकी जवळजवळ प्रत्येक वेळी कुणाची तरी मोठी जोडी लागली असेल, ही धास्ती घेऊनच पुढे खेळावे लागते. म्हणून छोट्या जोडीची खरी भिस्त असते ती तिसऱ्या पानावर. आपल्याच आकड्याचे तिसरे पान फ्लॉपवर आले की त्याला सेट लागला म्हणतात. सेट जोरकस असतो आणि समोरच्याला तो दिसत नाही.

तो किती वेळा लागतो, हे मोजणे सोपे आहे. आपली दोन पाने बाजूला काढली की पन्नास उरतात आणि त्यांतून फ्लॉपची 19,600 त्रिकुटे बनतात. आपल्याला हवी असलेली दोन पाने ज्यांत नाहीत अशी त्रिकुटे 17,296. उरलेली 2,304 आपल्या कामाची, म्हणजे 11.8 टक्के. साडेसात वेळा हुकते तेव्हा एकदा लागते.

आता प्रश्न एवढाच, की एकदा लागल्यावर साडेसात वेळांचे नुकसान भरून निघते का. 1654 मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट सुटलेल्या खेळातल्या पैशांची वाटणी कशी करावी यावर पत्रव्यवहार केला. शक्यता आणि मिळकत यांचा गुणाकार करून डावाची किंमत ठरवण्याची रीत त्यातूनच पुढे आली. आपल्याला तेवढी रीत पुरते.

समजा छोटा आणि मोठा ब्लाइंड, म्हणजे दोघा खेळाडूंनी पाने पाहण्याआधीच भरायची सक्तीची रक्कम, 1 आणि 2 चिप्स आहे. एकाने रेज करून, म्हणजे रक्कम वाढवून, 6 लावल्या, ब्लाइंडवाले दोघे डाव सोडणार आहेत आणि आपण चौक्यांच्या जोडीवर 6 चिप्स कॉल करायच्या, म्हणजे त्याच्याइतक्याच लावायच्या, म्हणतो. साडेसात वेळा 6 गेल्या म्हणजे 45 गेल्या. सेट लागेल तेव्हा सरासरी एवढी कमाई हवी. पॉटमध्ये, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या मधल्या ढिगात, त्याच्या 6 आणि ब्लाइंडच्या 3 अशा 9 आहेतच. उरलेल्या 36 फ्लॉपनंतर त्याच्याकडून निघायला हव्यात.

दोघांकडे सुरुवातीला 200 चिप्स असतील तर मागे 194 उरतात. त्यांतल्या 36, म्हणजे पाचव्या हिश्शाहूनही कमी. जमण्यासारखे आहे. पण दोघांकडे 40-40 च असतील तर? मागे उरल्या 34. दर सेटला त्याने सगळ्या चिप्स दिल्या आणि आपण एकदाही हरलो नाही, असे धरले तरी 34 आणि 9 मिळून 43 च होतात. सगळे काही मनासारखे घडूनही तोटा! सेट न लागता कधीमधी नुसती जोडी जिंकते, त्याने थोडी भर पडते. पण सेटच्या आशेवर कॉल करण्याचे कारण इथे संपते. मला या साऱ्या प्रकारातला हा सर्वांत बोलका आकडा वाटतो. पाने तीच, शक्यता तीच, फक्त मागची रक्कम बदलली. जाणते खेळाडू कॉलच्या पंधरा ते वीसपट रक्कम दोघांच्याही मागे असावी असे म्हणतात, कारण समोरचा दर वेळी पैसे देत नाही आणि आपला सेटही कधीकधी हरतो. दोघांकडेही जोड्या असताना दोघांनाही फ्लॉपवरच सेट लागण्याची शक्यता मात्र साधारण एक टक्काच आहे. तिची नको तेवढी भीती बाळगली जाते.

देणारा कोण, हेही पाहावे. क्वचितच रेज करणाऱ्या खेळाडूला आपण बिचकतो, पण छोट्या जोडीला तोच हवा. त्याच्या हाती एक्क्यांची किंवा राजांची जोडी असण्याचा संभव अधिक, आणि ती सोडणे त्याच्या जिवावर येते. शेवटच्या जागेवरून ऊठसूट रेज करणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा काहीच नसते. सेट लागला तरी तो डाव टाकून मोकळा होतो.

आपल्याआधी कुणीच रेज केलेला नसेल तर? पुष्कळ जण स्वस्तात फ्लॉप पाहायला म्हणून नुसता ब्लाइंडइतका कॉल करतात, ज्याला लिम्प म्हणतात. 2019 मध्ये सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवणाऱ्या ‘प्लुरिबस’ या संगणकप्रणालीने स्वतःशीच खेळून शिकताना ही सवय जवळपास सोडून दिली. लिम्प परवडतो तो छोट्या ब्लाइंडवाल्याला. बाकीच्यांनी लिम्पऐवजी रेज केला तर समोरचे सगळे डाव सोडण्याचीही शक्यता असते आणि तेवढा पॉट फुकट पदरात पडतो. नऊ जणांच्या टेबलावर अगदी पहिल्या जागेवरून मात्र दुर्री-तिर्रीच्या जोड्या सरळ टाकून द्याव्यात. मागे आठ जण बोलायचे असतात.

आपण 6 चा रेज केला आणि एकाने तो 20 वर नेला, तर आणखी 14 घालायच्या. साडेसातपट म्हणजे 105. पॉटमधल्या 29 वजा केल्या तरी 76 हव्यात, आणि सुरुवातीच्या 200 पैकी मागे फक्त 180. बहुतेक वेळा इथे सोडलेलेच बरे.

चिप्स अगदी थोड्या उरल्या की सेटचा विषयच मिटतो आणि जोडी वेगळ्याच कामाला येते. छोट्या आणि मोठ्या ब्लाइंडवर दोघेच उरलेत, प्रत्येकाकडे ब्लाइंड धरून 20 चिप्स आहेत. दुर्रीची जोडी एक्का-राजापुढे निम्म्याहून किंचित जास्त वेळा जिंकते, मोठ्या जोडीपुढे पाचांत एकदाही नाही. एकाच रंगाच्या गुलाम-दश्शीपुढे तर ती मागेच असते, कारण त्या पानांना सलग पाच किंवा एका रंगाची पाच पाने जुळण्याचीही संधी जास्त असते, शिवाय टेबलावर दोन मोठ्या जोड्या आल्या की दुर्र्या हिशेबातूनच बाद होतात. समोरचा नेटकी पानेच खेळतो असे धरून जिंकण्याची शक्यता 36 टक्के मानू. मोठ्या ब्लाइंडवर बसून त्याचा ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स लावणारा रेज, कॉल केला तर 18 चिप्स घालून 40 च्या पॉटमधल्या सरासरी 14.4 परत येतात; दर वेळी 3.6 चा तोटा. तीच जोडी छोट्या ब्लाइंडवर असेल आणि ऑल-इन आपण केला, तर समोरचा दहांत सात वेळा पळाला की प्रत्येक वेळी पॉटमधल्या 3 मिळून 21 येतात. उरलेल्या तीन वेळा प्रत्येकी 19 घालून 14.4 परत, म्हणजे जवळपास 14 जातात. दहा डावांत सात चिप्स वर, तेही त्याच 36 टक्क्यांवर.