ॲपने चेहरा नाकारला, तर कागद कुणाकडे मागायचा? कोल्हापूरकरांसाठी माहिती अधिकार अर्जाची कृती

अंगणवाडीत टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराचं, पाकीट न्यायला आलेली आई मोबाइलसमोर उभी राहते, सांगितल्यावर डोळे मिचकावते, आणि स्क्रीनवर येतं की चेहरा जुळला नाही. सेविका म्हणते, "ताई, मी काय करू? ॲपच घेत नाही." पोषण ट्रॅकर या केंद्राच्या ॲपमधली ही चेहरा पडताळणी १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी सक्तीची झाली. निर्णय दिल्लीत झाला, त्याचा झटका भुदरगडच्या वाडीवर बसतो. मधल्या रस्त्यात कुणाला जाब विचारायचा, हे मात्र कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल जगभरातली सरकारं आपापल्या परीने नियम करत आहेत. युरोपीय संघाचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी लागू झाला. सरकारी मदतीला कोण पात्र हे ठरवणाऱ्या प्रणाली त्यात उच्च जोखमीच्या गटात आहेत. अमेरिकेत बायडन यांचा याबाबतचा आदेश ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला, शपथविधीच्याच दिवशी, रद्द केला. भारताने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात सात सूत्रं आहेत, उत्तरदायित्व आहे, समजेल अशी रचना आहे, आणि 'निर्बंधापेक्षा नवोपक्रम' हेही आहे. पण ती ऐच्छिक आहेत. त्यांच्या आधारावर कागलच्या बाईला कुठे दाद मागता येत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम त्याच महिन्यात आले, तरी आपल्या डेटाची माहिती मागण्याचे आणि तो दुरुस्त करून घेण्याचे हक्क त्यानंतर १८ महिन्यांनी सुरू व्हायचे आहेत.

मग हातात काय उरतं? २००५ चा माहितीचा अधिकार. जुनाच आहे, पण चालतो. त्याच्या कलम ४(१)(घ) मध्ये असं आहे की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यायची. निर्णय माणसाने घेतला की यंत्राने, असा फरक त्यात नाही. (शाहू महाराजांनी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या तो २६ जुलै १९०२ चा हुकूम करवीर गॅझेटात छापला गेला होता. कोण पात्र, किती जागा, सगळं वाचता येत होतं. आज पात्रतेचा नियम सर्व्हरवर असतो.)

अर्ज कोण करू शकतो

भारताचा कुठलाही नागरिक. कारण सांगावं लागत नाही. कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. माहिती कशाला हवी, असं कुणी विचारलं तर नम्रपणे हे कलम दाखवा. संस्था किंवा मंडळाच्या नावाने अर्ज करू नका, अध्यक्षाने स्वतःच्या नावाने करावा.

अर्ज कुठे, हा खरा प्रश्न

इथेच बहुतेक लोक चुकतात, मीही चुकलो. माझा पहिला अर्ज एका कार्यालयाने 'विषय आमचा नाही' म्हणून परत केला. कायद्याप्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायला हवा होता, कलम ६(३). पण भांडणात महिना घालवण्यापेक्षा आधीच अर्जाचे दोन भाग केलेले बरे.

ॲप केंद्राचं, वाटप राज्याचं. सॉफ्टवेअर कुणी केलं, कंत्राट किती रुपयांचं, अचूकतेची चाचणी झाली का, चेहऱ्याचा डेटा किती दिवस ठेवतात, हे सगळं केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाकडे मागायचं. त्यासाठी केंद्राचं आरटीआय ऑनलाइन पोर्टल आहे, शुल्क १० रुपये, मर्यादा साधारण ५०० शब्द. आपल्या तालुक्यात किती जणींना नकार मिळाला आणि नकार मिळाल्यावर काय करा म्हणून सांगितलं होतं, हे बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळेल. जिल्ह्यात बारा तालुके आहेत, तेव्हा आपलं गाव कोणत्या प्रकल्पात येतं ते सेविकेलाच विचारा, तिला नक्की माहीत असतं. केंद्राच्या पोर्टलवर राज्याच्या कार्यालयासाठी अर्ज टाकू नका. राज्याचं पोर्टल वेगळं आहे, आणि त्याच्या यादीत आपलं कार्यालय दिसलं नाही तर सरळ कागदी अर्ज.

ऊसवाल्यांसाठीही रीत हीच. शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचं राज्याचं महाॲग्री एआय धोरण २०२५ ते २०२९ साठी आहे, पहिल्या तीन वर्षांना ५०० कोटींची तरतूद आहे. तुमच्या शेताची माहिती कुणाला दिली जाते, हे कृषी विभागाला विचारता येतं.

कागदपत्रं

फार काही लागत नाही. राज्याच्या कार्यालयासाठी 'जोडपत्र अ' नमुन्यातला अर्ज आणि त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ, पण दाखल्याची प्रत जोडा. ओळखपत्राची एक झेरॉक्स पिशवीत असू द्या, मागितली तर वाद नको. अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोस्टाने पाठवणार असाल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच मिळेल अशी सेवा घ्या. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे.

महाराष्ट्राच्या नियमांत दोन अटी आहेत: अर्ज साधारण १५० शब्दांत, आणि एका अर्जात एकच विषय. म्हणून 'का' विचारण्यात शब्द घालवू नका. माहिती अधिकारी मत द्यायला बांधील नाही, असलेला कागद द्यायला बांधील आहे. "माझा चेहरा का नाकारला?" याचं उत्तर येईल, "माहिती उपलब्ध नाही." त्याऐवजी असं लिहा:

"विषय : अंगणवाडी टीएचआर वाटपातील चेहरा पडताळणी. कालावधी : १ जुलै २०२५ पासून अर्जाच्या दिनांकापर्यंत. (१) या प्रकल्पातील पडताळणी झालेल्या लाभार्थ्यांची महिनावार संख्या. (२) पडताळणी अयशस्वी झालेल्यांची संख्या, ज्या नोंदीत असेल त्या नोंदीची प्रत. (३) पडताळणी न झाल्यास आहार देण्याबाबत आलेली सर्व परिपत्रके व पत्रे. (४) याबाबतच्या तक्रारींच्या नोंदवहीची प्रत, नावे वगळून. (५) तक्रार निवारण करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम."

तिसरा मुद्दा सोडू नका. चेहरा जुळला नाही तर पाकीट द्यायचं की आईला परत पाठवायचं, याबद्दल वरून काही लेखी आलंय की नाही, ते त्यातूनच कळेल. लेखी काहीच नसेल, तर तसं उत्तरही लेखीच घ्या.

'नावे वगळून' हे शब्द मुद्दाम आहेत. नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१)(ञ) बदललं आहे, वैयक्तिक माहिती आता सरसकट नाकारता येते. आपणच नावं नको म्हटलं की ती पळवाट बंद होते. केंद्रीय मंत्रालयाकडच्या अर्जात 'व्यापारी गुपित' म्हणून ८(१)(घ) पुढे येईल. तेव्हा कलम १० आठवा: गुपित तेवढं झाकून बाकीचा कागद द्यावाच लागतो. कंत्राटाची रक्कम आणि चाचणीचा निकाल यात कसलं आलंय गुपित?

मुदत आणि अपील

अर्ज पोहोचल्यापासून ३० दिवस. प्रतींचे पानाला दोन रुपये. मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे पहिलं अपील. राज्यात त्यासाठी 'जोडपत्र ब' आणि २० रुपयांचं तिकीट. केंद्राकडे पहिल्या अपिलाला शुल्क नाही. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५. सुनावणीला बोलावलं तर जा. समोरासमोर बसलं की निम्मे कागद तिथल्या तिथे मिळतात, हा माझा अनुभव.

तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांत दुसरं अपील, 'जोडपत्र क', परत २० रुपये. कोल्हापूरसाठी ते राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जातं, मंत्रालयाविरुद्धचं दिल्लीतल्या केंद्रीय माहिती आयोगाकडे. अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० दंड होऊ शकतो, पण आयोगाकडे तारीख लवकर मिळत नाही. त्यामुळे पहिल्या अपिलातच सगळे मुद्दे नीट मांडा, आणि शिक्का मारलेली ती दुसरी प्रत जपून ठेवा. अपिलाबरोबर तिचीच झेरॉक्स लागते.