ताप उतरला म्हणजे मलेरिया गेला असे नाही

आमच्या लॅबमध्ये रक्त तपासायला येणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

रिपोर्टवरचा आकडा

काचपट्टीवर आम्ही २०० पांढऱ्या पेशी मोजतो आणि तेवढ्या भागात मलेरियाचे जंतू किती दिसले ते टिपतो. ५० दिसले, तर त्याला ४० ने गुणून (पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला ८,००० धरून) रिपोर्टवर २,००० लिहितो. आकडा किरकोळ वाटतो. पण मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर, म्हणजे ५० लाख मायक्रोलिटर रक्त असते. गुणाकार केला की जंतू होतात १,००० कोटी.

आर्टेसुनेट (मलेरियावरच्या आर्टेमिसिनीन गटातले औषध) नीट लागू पडले, तर जंतूच्या ४८ तासांच्या एका चक्रात दहा हजारांतला साधारण एकच वाचतो. म्हणजे १,००० कोटींचे १० लाख उरले, पाच मायक्रोलिटर रक्तात एक. रोजच्या तपासणीत मायक्रोलिटरला ५० च्या आसपास जंतू असले तरच ते खात्रीने सापडतात. त्यामुळे या टप्प्यावर ताप नसतो, जेवण जाऊ लागते, स्मिअरही (काचपट्टीवरची तपासणी) निगेटिव्ह येऊ शकतो, आणि अंगात १० लाख जंतू असतात. बहुतेकांच्या गोळ्या नेमक्या इथे सुटतात.

तिसऱ्या दिवसाचा डोस दुसऱ्या चक्रातल्या जंतूंना गाठतो आणि १० लाखांचे १०० करतो. आर्टेसुनेट मात्र काही तासांतच रक्तातून निघून जाते. उरलेले १०० मारायचे काम जोडीच्या, अंगात जास्त दिवस टिकणाऱ्या औषधाचे. म्हणून फाल्सिपेरम या प्रकारच्या, जास्त घातक मलेरियाला आर्टेसुनेटची गोळी कधीही एकटी द्यायची नसते. नुसत्या आर्टेमिसिनीन गटाच्या तोंडी गोळ्यांवर भारतात २००९ पासून बंदी आहे, ती याचसाठी.

जंतू औषधाला दाद का देत नाही?

"अंगाला गोळ्यांची सवय झाली" असे पुष्कळ जण म्हणतात. सवय अंगाला होत नाही. बदल जंतूत होतो. कोट्यवधी जंतू वाढताना त्यांच्या जनुकांची नक्कल होते आणि तीत कुठे ना कुठे चूक राहते. बहुतेक चुका जंतूला निरुपयोगी असतात, एखादी त्याला औषधापासून वाचवते. औषध ती चूक घडवत नाही, फक्त बाकीच्यांना मारून त्याला रान मोकळे करून देते. अपुरा डोस असला की हे आणखी सोपे होते. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीने बीटी वाणाला दाद देणे सोडले, तोही याच जातीचा प्रकार.

क्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या औषधाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. जंतू तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन आपल्या पोटासारख्या पिशवीत पचवतो. त्यातून हीम नावाचा विषारी भाग उरतो, त्याचे तो निरुपद्रवी खडे करून ठेवतो. सूक्ष्मदर्शकाखाली जंतूच्या पोटात दिसणारे काळपट तपकिरी ठिपके ते हेच. क्लोरोक्विन हे खडे होऊ देत नाही, आणि जंतू स्वतःच्याच विषाने मरतो. न दबणाऱ्या जंतूत पिशवीच्या भिंतीतल्या एका प्रथिनात ७६ व्या जागी लायसिनऐवजी थ्रिओनिन आलेले असते. तेवढ्या बदलाने भिंत क्लोरोक्विन बाहेर टाकू लागते आणि पिशवीत पुरेसे औषध साठतच नाही. असा फाल्सिपेरम १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर दिसला आणि भारतात १९७३ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये. मलावी देशाने १९९३ मध्ये क्लोरोक्विन बंद केले, तेव्हा काही वर्षांत जुने, औषधाला दबणारे जंतूच तिथे पुन्हा वरचढ झाले. ही गोष्ट आम्हाला फार धीर देणारी वाटते.

आर्टेमिसिनीनच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. केल्च-१३ नावाच्या जनुकात बदल झालेले जंतू बाल्यावस्थेत, म्हणजे अंगठीच्या आकारात असताना, औषध रक्तात आहे तेवढे तास जणू दम धरून बसतात आणि नंतर पुन्हा वाढू लागतात. हे आधी पश्चिम कंबोडियात आढळले, नंतर रवांडा आणि युगांडातही. औषध पूर्ण वाया जात नाही, पण सगळा भार जोडीदार औषधावर पडतो, आणि मग तेही टिकेनासे होते.

गोळ्या घेताना कुठे चुकते

सरकारी केंद्रातली आर्टेसुनेट व सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची पाकिटे वयानुसार रंगांची असतात: ५ ते ८ वर्षांना हिरवे, ९ ते १४ ला लाल, १५ च्या पुढे पांढरे. मोठ्यांचे पाकीट अर्धे करून मुलाला देऊ नका. जोडीची (सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची) गोळी फक्त पहिल्या दिवसाच्या कप्प्यात असते, त्यामुळे अर्धे पाकीट म्हणजे अर्धा डोस हा हिशेबच चुकतो.

आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन ही दुसरी जोडगोळी असेल तर ३ दिवसांत ६ डोस, आणि प्रत्येक डोस दूध किंवा तूप-तेलाच्या जेवणासोबत. ल्युमेफँट्रिन उपाशीपोटी फारच कमी शोषले जाते. गोळी वेळेवर घेऊनही गुण येत नाही, त्याचे हे एक कारण. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासात उलटी झाली, तर डॉक्टरांना विचारून तोच डोस पुन्हा घ्या.

इंजेक्शनने ताप उतरला तरी नंतरचा गोळ्यांचा पूर्ण कोर्स चुकवू नका.

व्हायव्हॅक्स पुन्हा आला तर

व्हायव्हॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार. मुंबईत हा जास्त, गडचिरोलीत फाल्सिपेरम जास्त. व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठतात. त्यावर १४ दिवसांचे प्रायमाक्विन लागते. ते मध्येच सोडले आणि दोन-तीन महिन्यांनी थंडी वाजून आली, तर बहुधा व्हायव्हॅक्सवर दिलेले क्लोरोक्विन निकामी झालेले नसते, प्रायमाक्विन अपुरे पडलेले असते. हे औषध सुरू करण्यापूर्वी जी-६-पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची तपासणी करून घ्या. गर्भवतींना ते देत नाहीत.

पुन्हा तपासणी कधी, कोणती

औषध सुरू केल्यापासून तिसऱ्या दिवशी स्मिअर करा, त्यानंतर ७, १४ आणि २८ व्या दिवशी. तिसऱ्या दिवशीही जंतू दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फाल्सिपेरमचे केळ्याच्या आकाराचे, गॅमेटोसाइट अवस्थेतले जंतू मागे राहिले, तर तो औषध हरल्याचा पुरावा नाही. ते डासामार्फत पसरतात, म्हणून उपचाराच्या दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एक डोस देतात. फेरतपासणीला रॅपिड किट मात्र मागू नका. किटवरची फाल्सिपेरमची रेघ बहुधा एचआरपी-२ या प्रथिनावर उमटते, आणि ते जंतू मेल्यावरही कित्येक आठवडे रक्तात राहते.

येताना पहिला रिपोर्ट आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत आणा. कोणत्या दिवशी किती वाजता गोळी घेतली तेही लिहून आणा, म्हणजे पहिल्या आणि नव्या रिपोर्टवरचे आकडे ताडून पाहता येतात.