घरच्या घरी बाईकचं चाक बॅलन्स करणं

टायर बदलल्यावर चाकाची जड बाजू कुठली ते शोधायचं आणि तिच्या बरोब्बर समोर रिमवर थोडंसं वजन चिकटवून चाक सगळीकडून सारखं करायचं, याला व्हील बॅलन्सिंग म्हणतात. कारचं चाक रुंद, त्यामुळे तिथे आतल्या आणि बाहेरच्या बाजूतला फरकही काढावा लागतो आणि त्यासाठी मशीनवर गरागरा फिरवणं आलंच. बाईकचं चाक अरुंद असतं, म्हणून ते नुसतं मोकळं सोडून जड बाजू आपोआप खाली येऊ दिली तरी रोजच्या वापराला पुरेसा बॅलन्स मिळतो, आणि हे काम बलकांवात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीवर बसून होतं. गोव्यात साधा टायरवाला टायर चढवतो, हवा मारतो, विषय संपला. वजनं लावू का असं सहसा कोण विचारत नाही, आणि गल्लीबोळात चाळीसच्या आत चालवणाऱ्याला त्याने काही फरकही पडत नाही.

फरक पडतो तो स्पीडला. १७ इंची रिमवर २० ग्रॅम जास्तीचं वजन एका बाजूला असेल तर ताशी ८० किलोमीटरला ते चाकाला साधारण सव्वादोन किलोच्या जोराने बाहेर ओढतं, तेही सेकंदाला अकरा-बारा वेळा, दर फेरीला दिशा बदलत. ४० ला हाच जोर एक चतुर्थांश होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून पत्रादेवीहून म्हापशाकडे येताना सत्तरच्या पुढे गेल्यावर हँडल एकदम थरथरायला लागतं आणि बाजारात शिरल्यावर ती थरथर गायब होते. पुढच्या चाकाचा दोष हातात कळतो, मागच्याचा सीटखाली आणि फूटरेस्टवर.

टायर घालण्याआधी रिकामी रिम तपासून घ्यावी, आणि त्याच्याही आधी ती धुवावी. हे वाचून हसू नका. पावसात डिचोली-साखळीच्या बाजूची लाल माती रिमच्या आतल्या खोबणीत आणि स्पोकच्या मुळाशी जाऊन बसते, सुकली की सिमेंटसारखी घट्ट, आणि ती एकाच बाजूला साचली तर बॅलन्सची वाट लागते. चवथीच्या आधी गाडी पुसून काढणारे लोक रिमची बाहेरची बाजू चकचकीत करतात आणि आतली तशीच ठेवतात. किनाऱ्याकडच्या गाड्यांना मातीपेक्षा खारी हवा नडते: अलॉयवर पांढरे फोड येतात, जुन्या वजनाखालचा गोंद सुटतो आणि वजन कधी पडलं ते कळतही नाही.

बहुतेक टायरवर रंगाचा एक ठिपका असतो. पिवळा असेल तर ती सहसा टायरची हलकी जागा, आणि ती व्हॉल्वच्या शेजारी ठेवायची, कारण व्हॉल्वमुळे रिमची ती बाजू जड असते असं धरलेलं असतं. लाल ठिपक्याचा अर्थ वेगळा, तो टायरच्या गोलाईशी संबंधित असतो. काही कंपन्या ठिपका देतच नाहीत. शिवाय रिमची जड जागा दर वेळी व्हॉल्वपाशीच असते असंही नाही, म्हणून रिकामी रिम फिरवून खडूने खूण करणं आणि ठिपका त्या खुणेला जुळवणं जास्त बरं, यात कधी कधी वजन लावायची गरजच उरत नाही. टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण मात्र आधी बघून घ्या, नाहीतर सगळं पुन्हा उतरवावं लागेल.

बॅलन्सिंगचा स्टँड विकत मिळतो, पण चिऱ्यांच्या दोन चवडी चालतात, चाक जमिनीला टेकणार नाही इतक्या उंच. चाक त्याच्याच एक्सलवर (मधल्या दांड्यावर) ठेवायचं आणि एक्सल आडवा सरळ आहे ना ते गवंड्याच्या पाणसळीने बघायचं. घरगुती पद्धतीत गोची होते ती बेअरिंगच्या रबरी सीलमुळे: सील घासतं, त्यामुळे ५-१० ग्रॅमचा फरक असला तरी चाक हलत नाही आणि आपण बॅलन्स झाला म्हणून खूश होतो. त्यावर उपाय म्हणजे एक्सलऐवजी बारीक गुळगुळीत सळई, तिच्यावर चाक मधोमध पकडणारे दोन शंकू, आणि सळईची टोकं चार छोट्या बेअरिंगवर. गाडीवरच बघायचं असेल तर डिस्क ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) काढून बाजूला बांधून ठेवावा, मागच्या चाकाची चेन उतरवावी. आणि चाक जमिनीवर आडवं ठेवताना डिस्क खाली येऊ देऊ नये, खाली जुना टायर घालावा.

आता चाक हलकेच फिरवून सोडायचं. जी बाजू खाली येऊन थांबते ती जड, तिच्या बरोब्बर वर खूण. तीन-चार वेळा करून बघा, दर वेळी तीच जागा खाली आली तर खरं. वरच्या खुणेवर कागदी टेपने वजन तात्पुरतं लावायचं आणि खूण घड्याळातल्या तीनच्या जागी आणून सोडायची: वजनाची बाजू खाली गेली तर वजन जास्त झालं, वर आली तर कमी. चाक कुठेही थांबवलं तिथेच राहायला लागलं की झालं. साधारण १० ते ३० ग्रॅममध्ये काम होतं. पन्नासच्या वर जात असेल तर वजनांची माळ लावत बसू नका, हवा काढा, टायर रिमवर अर्धा फिरवा आणि पुन्हा बघा.

वजनं ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांच्या पट्टीत येतात, मागे गोंद असतो. रिम स्पिरिटने पुसून पूर्ण सुकवून मगच चिकटवायची, आणि जास्त असतील तर अर्धी डाव्या, अर्धी उजव्या बाजूला. स्पोकच्या रिमला सोल्डरची तार स्पोकच्या मुळाशी गुंडाळायची जुनी युक्ती आहे, दिसायला गावठी पण टिकते, आणि ग्रॅम-दोन ग्रॅम कमी करायचं तर कात्रीने कापता येतं.

सगळी थरथर बॅलन्सची नसते. वाकलेली रिम, कमी हवा, एका बाजूने झिजलेला टायर, सैल झालेलं हँडलचं बेअरिंग, यातलं काहीही असेल तर कितीही वजनं लावा, हँडल हलायचं ते हलणारच. ट्यूबलेसमध्ये पंक्चरचं जेल भरलेलं असेल तर तेही लक्षात ठेवा: रात्रभर गाडी उभी राहिली की ते खाली साचतं, सकाळी पहिले थोडे किलोमीटर चाक धडधडतं आणि मग जेल पसरलं की शांत होतं. अशा चाकाचा बॅलन्स स्टँडवर करायला गेलात तर जड जागा दर वेळी वेगळीच सापडेल.